खोका क्रमांक 31: ठाणे ते नागपूर, एका बिऱ्हाडाच्या स्थलांतराचे प्रकरण

मे 2024 मध्ये माझ्या धाकट्या बहिणीचे बिऱ्हाड ठाण्यातील नौपाड्यातून नागपूरला हलले. मेहुणे बँकेत अधिकारी आहेत. एप्रिलमध्ये बदलीचा आदेश आला आणि ते रुजू होऊन भाड्याचे घरही पाहून आले. मागे राहिले ते तिसऱ्या मजल्यावरचे, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीतले घर, त्यात अठरा वर्षांत साठलेले सामान, दहावीत जाणारी भाची आणि 76 वर्षांच्या सासूबाई. या कामात मी जवळजवळ पहिल्या दिवसापासून बहिणीबरोबर होतो आणि कागदपत्रांची फाइल माझ्याकडे होती, म्हणून हे प्रकरण तपशिलाने मांडता येते. सगळे सुरळीत पार पडले असे नाही. दोन हजार रुपये बुडाले, एक आरसा फुटला, कपडे धुण्याचे यंत्र बिघडले आणि एक खोका नऊ दिवस बेपत्ता होता. यांपैकी काय भरून निघाले आणि काय नाही, याची कारणे मात्र आज स्पष्ट सांगता येतात, आणि ती जवळजवळ सगळी गाडीत पहिला नग चढण्याआधी काय लिहिले गेले आणि काय लिहायचे राहिले यांत सापडतात.

तारीख ठरवताना पहिली अडचण निवडणुकीची होती. ठाण्यात लोकसभेचे मतदान 20 मे रोजी होते आणि सासूबाईंना मतदान केल्याशिवाय घर सोडायचे नव्हते. शिवाय आचारसंहितेच्या काळात रस्तोरस्ती तपासणी पथके होती आणि कागदपत्रांशिवाय पन्नास हजारांहून अधिक रोकड सापडली तर ती जप्त होत असे. म्हणून व्यवहार बँक खात्यातूनच करायचा आणि सामान 22 मे, बुधवारी चढवायचे, असे ठरले. एप्रिल-मे हा बदल्यांचा हंगाम असतो, त्यात महिनाअखेर आली की गाड्याही मिळत नाहीत आणि हमालही. बुधवार निवडण्याचे तेही एक कारण होते.

मी ठाण्यात पोहोचण्यापूर्वीच मेहुण्यांनी फोनवरून एक दर घेतला होता. इंटरनेटवर चौकशीचा अर्ज भरताच तासाभरात सात-आठ फोन आले आणि त्यांतल्या एकाने घर न पाहता 24,000 रुपयांत सर्व काही करून देण्याचे सांगितले. नाव एका प्रसिद्ध कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते होते. ‘आज दर पक्का केला नाही तर उद्या गाडी मिळणार नाही’ असे ऐकून मेहुण्यांनी 2,000 रुपये पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर कंपनीऐवजी एका व्यक्तीचे नाव आले होते, हे त्यांच्या लक्षात आले ते दुसऱ्या दिवशी. दर देणाऱ्याने कळवलेला जीएसटी क्रमांक मी संकेतस्थळावर तपासला. या पंधरा अंकाक्षरी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात आणि महाराष्ट्राचा सांकेतांक 27 आहे; हा क्रमांक दुसऱ्याच राज्याचा होता आणि त्याची नोंदणी रद्द झाल्याचे तिथे दिसत होते. ठाण्यातले कार्यालय कुठे आहे, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. ते पैसे परत आले नाहीत. तरीही तो व्यवहार तिथेच तोडला ते योग्य झाले, असे मला वाटते. अशा स्वस्त दराचे पुढे काय होते ते बदलीच्या नोकरीत असलेल्या अनेकांनी अनुभवले आहे: सामान गाडीत चढते, गाडी शहराबाहेर जाते आणि मग ‘वजन जास्त भरले’ म्हणून दुप्पट रक्कम मागितली जाते. तेव्हा आख्खे घर दुसऱ्याच्या ताब्यात असते आणि नाही म्हणायची सोय उरत नाही.

त्यानंतर आम्ही घर पाहिल्याशिवाय कोणाचाही दर घ्यायचा नाही असे ठरवले. तिघांना बोलावले, दोघे आले. एकाने 62,000 सांगितले आणि दुसऱ्याने 41,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 48,380. (नुसत्या मालवाहतुकीवर 5 टक्के कर लावता येतो, बांधणी आणि हमाली धरून संपूर्ण सेवा दिली की 18 टक्के लावतात. त्यामुळे दोन कोटेशनांची तुलना करापूर्वीच्या आकड्यांवर करू नये.) आम्ही दुसऱ्याला काम दिले, पण केवळ दरासाठी नाही. त्याचा माणूस आत आल्या आल्या म्हणाला, “ताई, आधी माळा दाखवा.” पहिल्याने दिवाणखान्यात बसूनच अंदाज बांधला होता. हा शिडी लावून वर चढला आणि बहिणीलाही आठवत नसलेली पितळी घंगाळी, दोन मोठी पातेली, जुन्या गाद्या आणि शिलाई यंत्राचे लोखंडी पाय बाहेर काढून त्याने लिहून घेतले. पलंगाखालचे कप्पे, गॅलरीतल्या कुंड्या, स्वयंपाकघरातली वरची फळी, सगळे त्याने उघडून पाहिले. एक गोष्ट मात्र त्याने पाहिली नाही आणि ती आमच्याही लक्षात आली नाही. तो दुचाकीवरून आला होता आणि त्याने गल्ली मोजली नाही. तिच्याकडे पुढे वळेन.

कोटेशनवर सहीपूर्वी आम्ही तीन ओळी बदलून घेतल्या. एक होती ‘जकात व प्रवेशकर प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’. राज्यातल्या बहुतेक महापालिकांतून जकात आधीच गेली होती आणि मुंबईतलीही 1 जुलै 2017 पासून संपली. छापील नमुन्यात ती ओळ तशीच राहिली आहे आणि तिच्या नावावर पैसे मागता येतात. ती खोडून घेतली. ई-वे बिलाचा, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीखाली ऑनलाइन काढायच्या कागदाचा, प्रश्नही तेव्हाच मिटवला: वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानाला त्यातून सूट आहे, म्हणून ‘वापरलेले घरगुती सामान, विक्रीसाठी नाही’ असे मेहुण्यांच्या सहीचे पत्र, बदलीच्या आदेशाची प्रत आणि सामानाची यादी चालकाजवळ द्यायची ठरली. दुसरी ओळ पैसे देण्याच्या टप्प्यांची होती. त्यांना चढवतानाच 90 टक्के हवे होते. शेवटी 8,000 नोंदणीच्या वेळी, 25,000 सामान चढून बिल्टी (वाहतूकदाराने द्यायची मालाची पावती) हातात पडल्यावर आणि उरलेले 15,380 ‘नागपूर येथे सर्व नगांची मोजणी पूर्ण झाल्यावर’, असे लिहून घेतले. ‘सामान पोहोचल्यावर’ हे त्यांचे शब्द बदलून ‘मोजणी पूर्ण झाल्यावर’ हे शब्द बहिणीने घालून घेतले आणि पुढे त्यांचा उपयोग झाला.

तिसरी ओळ विम्याची होती आणि या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ तिच्यावरच गेला. कोटेशनमध्ये ‘प्रवास विमा 3 टक्के’ असे होते. सामानाची किंमत आम्ही 3,40,000 धरली होती, म्हणजे 10,200 रुपये. विमा कंपनी कोणती आणि पॉलिसी क्रमांक काय, असे विचारल्यावर उत्तर आले की नुकसान झाले तर आम्हीच भरून देतो. हे आश्वासन झाले. याला विमा म्हणता येत नाही. आश्वासन देणाराच उद्या दावा नाकारणार, आणि त्याच्यावर तिसऱ्या कोणाची देखरेख नाही. आम्ही आग्रह धरला तेव्हा कळले की त्यांच्याकडे एका सर्वसाधारण विमा कंपनीची खुली पॉलिसीही आहे आणि तिच्याखाली ग्राहकाच्या नावाने प्रमाणपत्र काढून देता येते. त्याचा दर दीड टक्का, म्हणजे 5,100 अधिक कर. जे मागितले नाही ते दुप्पट किमतीचे होते आणि जे मागून मिळाले ते खरे होते. प्रमाणपत्र आल्यावर मी विमा कंपनीच्या शाखेत फोन करून क्रमांक पडताळला.

रस्त्याने जाणाऱ्या मालाचा विमाही आपल्याकडे सागरी विम्याच्या शाखेत मोडतो आणि त्याची ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशी तीन प्रकारची कलमे आहेत. ‘सी’ मध्ये आग आणि वीज एवढेच येते. ‘बी’ मध्ये त्यांच्या जोडीला गाडीची टक्कर, गाडी उलटणे, पूल कोसळणे असे अपघात येतात. हाताळताना फुटतुट झाली तर ती फक्त ‘ए’ मध्ये येते. घर हलवताना गाडी क्वचित उलटते, पण आरसा मात्र सहज फुटतो, हे लक्षात घेता घरगुती सामानाला ‘ए’ शिवाय घेतलेल्या विम्याचा फारसा उपयोग नाही. ‘ए’ घेतले तरी आमच्या प्रमाणपत्रात ओरखडे, पोचे आणि बाहेरून काही इजा न दिसता यंत्र बिघडणे, ही नुकसाने वगळलेली होती. ती ओळ आम्ही वाचली होती, पण तिचा नेमका अर्थ नागपुरात कळला.

बिल्टीबद्दलही सांगायला हवे, कारण लोक तिला चालकाचा कागद समजतात. रस्तेमार्गे मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे वाहतूकदाराने मालाची पावती द्यायची असते आणि 2011 च्या नियमांप्रमाणे, मालाचे जास्त मूल्य आधी जाहीर केलेले नसेल, तर त्याचे दायित्व भाड्याच्या दहापटीपुरते मर्यादित राहते. इथे एक बारीक गोष्ट आहे. एकूण 41,000 मधले भाडे किती आणि बांधणी-हमाली किती, हे वाहतूकदार आपल्या सोयीने लिहितो. आमच्या पहिल्या मसुद्यात भाडे 8,000 आणि बाकी सगळे बांधणी-हमाली असे होते. तसेच राहिले असते तर सगळे सामान गेले तरी 80,000 च्या वर हक्क सांगणे कठीण झाले असते. भाडे 22,000 लिहून घेतले आणि 3,40,000 चे मूल्य बिल्टीवर नोंदवून घेतले. याच कायद्याप्रमाणे दावा लावण्यापूर्वी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती माल नोंदवल्यापासून 180 दिवसांत द्यावी लागते. आमच्यासाठी ती मुदत 18 नोव्हेंबरला संपणार होती. तारीख मी फाइलीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवली.

यादी बहिणीने स्वतः केली. कंपनीचे लोक खोक्यांवर आपले आकडे घालतातच, पण त्यांच्या यादीत ‘किचन आयटम’, ‘मिक्स आयटम’ असे मोघम शब्द असतात आणि त्यांवरून कोणी काही सिद्ध करू शकत नाही. तिने दोनशे पानी वहीत प्रत्येक खोक्याला एक पान दिले, आत काय आहे ते लिहिले आणि खोका बंद होण्याआधी वरून छायाचित्र काढले. एकूण 63 नग झाले: 41 खोके आणि 22 सुट्या वस्तू. जुन्या वस्तूंचे आधीचे ओरखडेही तिने प्रामाणिकपणे लिहिले. ही वही तिने चार रात्री जागून पुरी केली आणि या सबंध प्रकरणात तिच्याइतके मोलाचे काम दुसऱ्या कोणाचेही नव्हते. चढवण्याच्या दिवशी पर्यवेक्षक आणि चालक या दोघांनीही तिच्या शेवटच्या पानावर ‘63 नग मिळाले’ असे लिहून सह्या केल्या.

सोने, शाळेचे दाखले, बँकेची कागदपत्रे, सासूबाईंची औषधे आणि देव्हाऱ्यातले देव आमच्याबरोबर रेल्वेने जाणार होते. गॅस सिलिंडर गाडीत घेत नाहीत. रेग्युलेटरसह तो वितरकाकडे परत करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याचा कागद, घेतले, अनामत परत मिळाली आणि नागपुरात त्याच कागदावर नवी जोडणी झाली. स्कूटरचे पेट्रोल काढून टाकले. लोणच्याचा प्रश्न मात्र नाजूक होता. सासूबाईंनी नुकतेच कैरीचे लोणचे घातले होते, आणि कंपनी तेलकट किंवा पातळ पदार्थ घेत नाही. मे महिन्यातल्या बंद पत्र्याच्या गाडीत चिनी मातीची भरलेली बरणी दोन दिवस राहणे योग्यही नव्हते. त्यांनी एक लहान बरणी दादरा बांधून हातात घेतली, बाकीचे लोणचे शेजारच्या चार घरांत वाटले आणि मोठ्या बरण्या रिकाम्या करून, धुऊन, उन्हात वाळवून खोक्यात दिल्या.

22 मे रोजी सकाळी सात वाजता पाच हमाल आले. सागवानी कपाट तीन मजले खाली कसे न्यायचे याची मला धास्ती होती. त्यांच्यातल्या वयस्क हमालाने जिन्याच्या वळणाला सुतळी लावली, दोन ठिकाणी गाठी मारल्या, वर येऊन तीच सुतळी कपाटाला तिरकी धरली आणि दारे काढल्याशिवाय हे वळणार नाही, असे सांगितले. दारे काढली, बिजागरांचे स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी कपाटाच्या आतल्या खुंटीला बांधली आणि कपाट कुठेही न घासता खाली उतरले. चांगल्या कामगाराला वेळ दिला पाहिजे, ही माझी धारणा त्या दिवशी पक्की झाली.

गल्लीची चूक तेव्हाच उघड झाली. एकोणीस फुटी गाडी नाक्यावरून आत वळेना. टेम्पो लावून तीन फेऱ्यांत सामान नाक्यापर्यंत न्यावे लागले आणि त्यासाठी पर्यवेक्षकाने 6,500 मागितले. घर पाहायला आलेल्या माणसाने गल्ली पाहिली नव्हती हे खरे, पण गाडी दारापर्यंत येणार नाही हे अठरा वर्षे तिथे राहणाऱ्यांनी सांगायला हवे होते, हेही तितकेच खरे. 4,000 अधिक कर, असे 4,720 वर तडजोड झाली आणि ती रक्कम शेवटच्या बिलात लिहून घेतली. रोख दिली नाही.

त्याच संध्याकाळी कुटुंब विदर्भ एक्सप्रेसने निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला पोहोचले. सामानाच्या गाडीचा रस्ता कसारा घाट चढून इगतपुरीपर्यंत आणि तिथून समृद्धी महामार्गाने. मार्च 2024 पासून इगतपुरी ते नागपूर हा 625 किलोमीटरचा भाग खुला होता. एकूण अंतर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. सामानाची गाडी सावकाश चालली तरी 24 मेला सकाळी ती दारात हवी होती. ती आली 26 मेला दुपारी दोन वाजता.

दोन दिवसांचा हा उशीर घाटाने किंवा टायरने झालेला नव्हता. गाडी पूर्ण आमची असेल, असे कोटेशनमध्ये होते. प्रत्यक्षात भिवंडीच्या गोदामात तिच्यात आणखी एका घराचे सामान चढले होते आणि ते छत्रपती संभाजीनगरला उतरवण्यात आले होते. चालकाने हे लपवले नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, आदल्या दिवशीच सुरू झाला होता. गाडीचा पत्र्याचा दरवाजा हाताला धरवत नव्हता, त्यामुळे आम्ही हमालांना पाच वाजेपर्यंत सावलीत बसवले आणि ऊन कलल्यावर काम सुरू केले.

बहीण वही घेऊन दारात बसली आणि प्रत्येक नग आत जाताना खूण करत गेली. रात्री पावणेनऊला 62 खुणा झाल्या. 31 क्रमांकाचा खोका नव्हता. त्यात कुकर, तवा, मिक्सर, पोळपाट-लाटणे, मसाल्याचा डबा आणि चहाचे सामान होते, म्हणजे पहिल्या दिवशी लागणारा सगळा स्वयंपाक. तो हरवण्याचे कारण आमच्या नियोजनातच होते. पहिल्याच दिवशी लागणार म्हणून त्याच्यावर आम्ही ठळक अक्षरांत ‘शेवटी चढवा, आधी उतरवा’ असे लिहिले होते, आणि तो तसाच सर्वांत शेवटी, दरवाज्यालगत चढवला गेला. संभाजीनगरला दुसऱ्याचे सामान उतरवण्यासाठी दरवाजा उघडला तेव्हा दारात असलेला तो खोका त्या सामानाबरोबर खाली गेला. गाडी स्वतंत्र असेल तर दरवाज्यालगतची जागा सोयीची असते. पण गाडीत दुसऱ्याचे सामान असेल तर ती सर्वांत धोक्याची. असा खोका गाडीत देऊच नये, तो आपल्याबरोबर न्यावा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

कपाटाच्या दाराचा आरसा एका कोपऱ्यातून तडकला होता, आणि सागवानाच्या पॉलिशवर बबल रॅपच्या बुडबुड्यांचे गोल डाग उमटले होते. उन्हाने तापलेले प्लास्टिक पॉलिशला चिकटते, म्हणून आधी जुनी सुती चादर आणि मग प्लास्टिक, असा क्रम हवा होता. चालक चलनावर, म्हणजे सामान मिळाल्याच्या पोचपावतीवर, सही मागत होता. सहीपूर्वी बहिणीने त्यावर लिहिले: ‘63 पैकी 62 नग मिळाले. नग क्र. 31 मिळाला नाही. कपाटाचा आरसा फुटलेला.’ त्याखाली चालकाची सही घेतली. ‘सामान सुस्थितीत मिळाले’ अशा छापील वाक्याखाली नुसती सही झाली असती तर पुढचे काहीच घडले नसते. मोजणी पूर्ण झाली नव्हती, म्हणून उरलेल्या 20,100 पैकी 10,000 त्याच रात्री खात्यातून दिले आणि 10,100 मागे ठेवले. पर्यवेक्षकाने फोनवर बराच आवाज चढवला, पण शब्द कोटेशनमध्येच होते.

27 मेला वाहतूकदाराला आणि विमा कंपनीला, दोघांनाही ईमेलने कळवले आणि वहीचे 31 क्रमांकाचे पान व छायाचित्र जोडले. गरज पडली तर ग्राहक तक्रार नागपुरातच दाखल करता येईल, हे आम्हाला ठाऊक होते, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. ती वेळ आली नाही. छायाचित्रातला पिवळ्या झाकणाचा मसाल्याचा डबा संभाजीनगरच्या कुटुंबाने ओळखला, आणि 4 जूनला, मतमोजणीच्या दिवशी, खोका घरी आला. त्याच संध्याकाळी 10,100 रुपये पाठवले.

आरशाचे 8,500 चे अंदाजपत्रक विमा कंपनीने घसारा वजा करून 5,900 ला मान्य केले आणि ते जुलैअखेर जमा झाले. पॉलिशच्या डागांचे काही मिळाले नाही. कपडे धुण्याच्या यंत्राचा खर्च, 6,800 रुपये, पूर्णपणे घरचा झाला. ते समोरून कपडे घालायचे यंत्र आहे आणि नेताना त्याचा आतला ड्रम हलू नये म्हणून मागे चार ट्रान्झिट बोल्ट लावावे लागतात. नवे यंत्र घरी आले तेव्हा तंत्रज्ञाने ते काढून दिले होते. त्यानंतर ते कुठे गेले कोणालाच आठवेना आणि यंत्र तसेच गाडीत चढले. बाहेरून एकही ओरखडा नव्हता, म्हणून वगळलेल्या नुकसानीत ते नेमके बसले. दिवाळीच्या आवराआवरीत ते बोल्ट जुन्या स्क्रूंच्या डब्यात सापडले. बहिणीने ते एका पिशवीत घालून यंत्राच्या मागे चिकटपट्टीने लावले आहेत आणि वहीच्या 64 व्या पानावर त्यांची जागा लिहून ठेवली आहे.